लाकडी कमानी, दगडी छत

मळवली स्टेशनाच्या दक्षिणेला भाज्याची लेणी आहेत, उत्तरेला कार्ल्याची. मधल्या सपाटीवरून इंद्रायणी वाहते आणि मुंबई-पुण्याची सगळी धावपळ याच पट्ट्यातून जाते. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. कार्ल्याचं मोठं चैत्यगृह त्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी, इसवी सनाच्या आरंभीच्या काळात पुरं झालं. दोन्हींचा आराखडा एकच आहे: लांबट दालन, मागे अर्धगोल, तिथे स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि वर पालथ्या नावेसारखं छत. एक पाहून दुसरं पाहणाऱ्याला वाटतं, हे त्याचंच मोठं रूप.

पण भाज्याचे खांब सरळ उभे नाहीत. साधे, अष्टकोनी, नक्षी नसलेले सत्तावीस खांब तळापासून वर जाताना काही इंच आत झुकलेले आहेत. एकदा लक्षात आलं की नजर तिथेच अडकते. याचं कारण लाकूडकामात आहे. त्या काळची सभागृहं लाकडी असत. कमानदार छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून ते आत कलते रोवावे लागत. डोंगर पोखरून केलेल्या दालनात असा रेटा येतच नाही. छत म्हणजे मूळचा अखंड कातळ, आणि खांब म्हणजे त्यातलाच न काढलेला भाग. तरीही भाज्याच्या कारागिरांनी दगडाचे खांब लाकडासारखे कलते कोरले. बेडशाच्या लेण्यात हा कल किंचित उरला आहे. कार्ल्यात तो पूर्ण गेला. तिथले सदतीस खांब ओळंब्यात उभे आहेत आणि त्यांतल्या दर्शनी तिसांवर हत्ती-घोड्यांवर बसलेल्या जोड्या आहेत. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या लेण्यांवरच्या ग्रंथात खांबांचा हा कल जुन्या-नव्याची एक खूण म्हणून वापरला, तो याचमुळे.

कार्ल्याच्या कारागिरांना कळून चुकलं होतं की दगडाला कलाची गरज नाही. मग वर पाहावं. दगडी छताच्या पोटाला सागवानी कमानी जडवलेल्या आहेत, खऱ्या लाकडाच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांच्यावर कशाचाही भार नाही. उद्या त्या काढल्या तरी छत हलणार नाही. भाज्यातही अशाच कमानी आहेत. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात लाकूड संपलं, पण कमानी राहिल्या: त्या दगडातच कोरल्या गेल्या. म्हणजे कल आधी सुटला, लाकूड नंतर सुटलं आणि कमानीचा आकार सर्वांत शेवटपर्यंत टिकला.

जुन्या रचनेतून नव्या रचनेत जाताना माणसं काय सोडतात आणि काय धरून ठेवतात, याचा इतका स्पष्ट दाखला महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल. आणि तो पाहताना एक जुना प्रश्न उभा राहतो. जुन्याच्या जागी नवं आलं, घटक बदलले, नियम बदलले, तर ते तेच राहतं का? राहत असेल तर कशाच्या बळावर?

हा प्रश्न आपल्या काळात ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त भांडणं लावून गेला, ते ठिकाण म्हणजे संगणकाची एक भाषा.

पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच माणसानं १९८९ च्या अखेरीस लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवली. वाचायला सोपी, शिकायला सोपी, फुकट आणि खुली. दुसरी आवृत्ती २००० मध्ये आली आणि ती जगभर पसरली. बँका, प्रयोगशाळा, वेबसाइटी, कॉलेजं, सगळीकडे तिच्यात लिहिलेला कोड साचत गेला. ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी आवृत्ती आली, आणि तिच्या कर्त्यांनी आधीपासूनच जाहीर केलं होतं की ही आवृत्ती जुन्याशी मुद्दाम जुळणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला कार्यक्रम तिसरीत जसाच्या तसा चालेल याची हमी नव्हती. बहुतेक चालतच नसे. पडद्यावर मजकूर छापण्याची साधी आज्ञासुद्धा बदलली होती, त्यामुळे नवशिक्याचा पहिला दोन ओळींचा कार्यक्रमही अडकत असे.

तीन वर्षांनी, २०११ मध्ये, पायकॉन इंडिया हे या भाषेचं भारतीय संमेलन पुण्यात भरलं. तोवर बहुतेक काम जुन्याच आवृत्तीत चालू होतं. नवी आवृत्ती आली होती, पण गाव अजून जुन्या वेशीतच राहत होतं.

इतकी उलथापालथ कशासाठी केली? याचं सर्वांत मोठं कारण मराठी वाचकाला इतर कुणाहीपेक्षा जवळचं वाटावं असं आहे. ते कारण म्हणजे लिपी.

जुन्या पायथॉनमध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं, म्हणून इंग्रजीपुरतं सगळं सुरळीत दिसे. देवनागरीचं एकेक चिन्ह आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. त्यामुळे 'मावळ' हा शब्द जुन्या आवृत्तीला देऊन त्याची लांबी विचारली, तर उत्तर येई १२. पहिलं अक्षर मागितलं तर 'म' मिळत नसे, एक बाइटाचा तुकडा हाती येई, ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही. यावर तोड म्हणून मजकुराचा युनिकोड नावाचा वेगळा प्रकार जुन्या आवृत्तीत होता, पण दोन्ही प्रकार एकमेकांत बेमालूम मिसळत आणि भाषा त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. नावांची यादी इंग्रजी असेपर्यंत कार्यक्रम वर्षानुवर्षं चाले. मग एके दिवशी यादीत एखादं मराठी नाव येई आणि सगळं कोसळे. ज्यांनी त्या काळात मराठी मजकुरावर काम केलं, त्यांना तो त्रुटीसंदेश पाठ आहे.

तिसऱ्या आवृत्तीनं हा गोंधळ मुळापासून सोडवला. मजकूर म्हणजे युनिकोड चिन्हं, आणि बाइट हा वेगळा प्रकार. दोन्ही मिसळायचे असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. आता 'मावळ' ची लांबी ४ येते. कार्यक्रमातल्या चलांना देवनागरी नावंही देता येतात, जे जुन्या आवृत्तीत अशक्य होतं. मराठी माणसासाठी हा न्यायच होता, आणि जगातल्या बहुसंख्य लिप्यांसाठीही. जुनी सवय मोडण्याची किंमत देण्याजोगं काही असेल, तर ते हे होतं.

तरीही ४ हे उत्तर आपलं नव्हे. शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, मावळ मध्ये अक्षरं किती? तो तीन सांगेल: मा, व, ळ. संगणक 'म' आणि काना वेगळे मोजतो. नव्या आवृत्तीनं बाराची चूक सुधारून चार केले, तीन केले नाहीत. नवं म्हणजे पूर्ण खरं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आणि काही बदल तर बिनआवाजाचे होते. जुन्या आवृत्तीत ७ ला २ ने भागलं की उत्तर ३ येई, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राही. नव्यात ३.५ येतं. गणिताच्या दृष्टीनं नवं उत्तर सरळ आहे. पण जुन्या कार्यक्रमात कुणी त्या ३ वर विसंबून पुढचा हिशेब रचला असेल, तर नव्या आवृत्तीत तो कार्यक्रम न अडखळता चालेल आणि काही ठिकाणी चुकीचा आकडा देईल. अडकून पडणारा कोड बरा, तो निदान सांगतो तरी.

या काळात एक वाद सतत धुमसत होता. नाव पायथॉन, पण जुना कोड चालत नाही, मग ही भाषा तीच कशी? काहींचं ठाम मत होतं की ही दुसरीच भाषा आहे आणि तिनं पहिलीचं नाव घेतलं आहे. काही म्हणत, आत्मा तोच आहे, बाकी तपशील.

कार्ल्याच्या खांबांकडे परत यावं. त्यांच्यावर दात्यांची नावं ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असं दरवाजाजवळचा लेख सांगतो. काही खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या वंशाचे म्हणवणारे. बौद्ध परंपरेत आणखी एक यवन फार प्रसिद्ध आहे: राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. वायव्येकडच्या सागल नगरीचा हा राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, म्हणजे भाज्याचे खांब कोरले गेले त्याच शतकातला. भिक्खू नागसेन आणि तो यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. कार्ल्याच्या यवनांनी तो वाचला होता असा दावा करता येणार नाही. पण त्या संवादाचा मुख्य प्रश्न हाच आहे.

राजा विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन दोन्ही नाकारतो. तो रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण घेतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, तेल बदललं, वात जळली. पण दिवे दोन होते असंही कुणी म्हणत नाही. एकातून दुसरी ज्योत सलग निघत गेली, इतकंच. वस्तूच्या पोटात न बदलणारा एखादा गाभा शोधायची गरज नागसेनाला वाटत नाही.

इथवर हे उत्तर विद्वानांच्या चर्चेतलं वाटेल. खरी धार पुढे आहे. राजाला शंका येते, की तोच माणूस उरत नसेल तर आधीच्या कर्मातून तो सुटला का? नागसेन पुन्हा दिव्याकडे वळतो. एक माणूस माडीवर दिवा घेऊन जेवायला बसतो. दिव्यानं गवताचं छप्पर पेटतं, घर जळतं, मग गाव जळतं. गावकरी त्याला धरतात. तो म्हणतो, मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. नागसेन विचारतो, राजा, तू कुणाची बाजू घेशील? राजा गावकऱ्यांची बाजू घेतो, कारण ती आग त्याच ज्योतीतून निघाली होती.

या उत्तरात एक मोठी गोष्ट आहे. सातत्य कशात असतं, हा प्रश्न नागसेनानं जबाबदारी कुणाची, या प्रश्नाशी नेऊन बांधला. नवं रूप जुन्याचं आहे, कारण जुन्याचं देणं त्याच्याकडे आलेलं आहे.

मराठी वाचकाच्या मनात इथे गीता येणार. भंडारा डोंगर या लेण्यांच्याच मावळ तालुक्यात आहे, देहू-आळंदी शेजारी आहेत. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा देही देह बदलतो, ही शिकवण घराघरात रुजलेली आहे. तिथे न बदलणारा आत्मा आहे, आणि तोच सातत्याचा आधार. नागसेनाचं आणि गीतेचं हे उत्तर जुळत नाही आणि ते ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही. मात्र एक मर्यादा लक्षात घ्यावी. गीतेचं ते विवेचन देहधारी जीवाविषयी आहे. भाषा, लेणी, राज्यव्यवस्था, संस्था यांना तसा अमर आत्मा असतो, असं तिथे कुठेही सांगितलेलं नाही. माणसांनी घडवलेल्या गोष्टींबद्दल 'आत्मा तोच आहे' असं म्हणणं ही आपण पदरची जोडलेली भर आहे.

पायथॉनच्या बाबतीतही असा आत्मा शोधता आला असता. टिम पीटर्स यांनी लिहिलेली भाषेची तत्त्वसूत्रं दोन्ही आवृत्त्यांत जशीच्या तशी आहेत. ठरावीक आज्ञा दिली की दोन्हीकडे तोच मजकूर पडद्यावर येतो. साधं ते गुंतागुंतीच्यापेक्षा बरं, असा त्यांचा रोख. पण ही तत्त्वं मानणाऱ्या दुसऱ्याही भाषा असू शकतात. आणि ज्या कारकुनाचा पगारपत्रकाचा कार्यक्रम सोमवारी सकाळी बंद पडला, त्याला तत्त्वसूत्रं तीच आहेत याचा काय उपयोग? वारसा तत्त्वांच्या पाटीवर सिद्ध होत नाही. तो देणं फेडण्यात सिद्ध होतो.

देणं फेडणं म्हणजे काय, हेही कार्ल्याच्या भिंतीवरच वाचायला मिळतं. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात यानं वलूरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. वलूरक हे कार्ल्याचं तेव्हाचं नाव. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला. तो किती कडवट होता हे नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडलेल्या साठ्यावरून कळतं: तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. राज्य बदललं, चलन बदललं, राजाचं तोंड बदललं. गावाचं काय झालं? कार्ल्याच्याच दुसऱ्या एका लेखात सातवाहन राजाची मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला आज्ञा आहे की वलूरकाच्या महासांघिक भिक्खूंना करजक गाव द्यावं. शत्रूनं दिलेलं दान होतं. ते रद्द करणं सर्वांत सोपं होतं. नव्या राजानं ते आपल्या नावानं पुढे चालवलं. दगडावरची दोन्ही आज्ञापत्रं एकाच चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर आहेत आणि पहिलं खरवडून काढलेलं नाही.

या मापानं पायथॉनच्या कर्त्यांकडे पाहिलं तर सुरुवात चुकली होती असंच म्हणावं लागतं. २००८ साली त्यांची अपेक्षा अशी होती की एक यंत्र जुना कोड नव्यात उतरवेल आणि लोक एका पावलात पलीकडे जातील. तसं झालं नाही. मोठा कोड एका पावलात हलत नाही. त्याला दोन्ही काठांवर एकाच वेळी पाय ठेवून चालावं लागतं. सहा या अर्थाच्या इंग्रजी नावाची एक छोटी लायब्ररी बेंजामिन पीटरसन यांनी लिहिली. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, म्हणून हे नाव. तिच्या आधारानं एकच कोड दोन्ही आवृत्त्यांत चालवता येऊ लागला. भागाकाराच्या नव्या नियमाची सोय तर आधीच होती: जुन्या कार्यक्रमाच्या डोक्यावर एक ओळ लिहून 'भविष्यातून' तो नियम २००१ पासूनच उसना आणता येत होता. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांना २००८ चा धक्का कमी बसला.

सर्वांत बोलका बदल २०१२ चा आहे. जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकुराच्या आधी इंग्रजी 'यू' हे अक्षर लावावं लागे. नव्यात सगळाच मजकूर युनिकोड, म्हणून ते अक्षर निरर्थक ठरलं आणि नियमाबाहेर गेलं. परिणाम असा झाला की ज्यांनी जुन्या काळात लिपीची काळजी घेऊन शिस्तीत कोड लिहिला होता, त्यांचाच कोड नव्या आवृत्तीत अडला. अर्मिन रोनाखर यांनी हे अक्षर परत घ्यावं असा प्रस्ताव मांडला आणि ३.३ या आवृत्तीत ते परत आलं. नव्या भाषेत त्याला काहीही काम नाही. ते असलं काय, नसलं काय, अर्थ तोच. पण त्याच्यामुळे हजारो ओळी न बदलता पलीकडे जाऊ शकल्या. कार्ल्याच्या छताला लावलेल्या सागवानी कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. भार न वाहणारी गोष्टही माणसांना पलीकडे नेण्याचं काम करते.

मग वेळ वाढवून दिली गेली. जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपणार होता, तो २०१४ मध्ये जाहीर करून २०२० पर्यंत लांबवला. ही पाच वर्षं फुकटची नव्हती. ज्या भाषेत पुढे काही नवं घडणार नाही, तिच्या चुका दुरुस्त करत राहण्याचं काम बरंचसं स्वयंसेवकांनी केलं. या काळात मोठी घराणी हलली. इन्स्टाग्रामनं २०१७ मध्ये आपण तिसऱ्या आवृत्तीवर गेल्याचं जाहीर केलं. ड्रॉपबॉक्सला काही वर्षं लागली, आणि गिडो व्हान रॉसम स्वतः त्या वेळी तिथे नोकरीला होते. १ जानेवारी २०२० ला आधार संपला. शेवटची २.७.१८ ही आवृत्ती त्याच वर्षी २० एप्रिलला निघाली आणि जुनी भाषा बंद झाली. असं स्थित्यंतर पुन्हा करायचं नाही, हे भाषेच्या जाणत्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवलं आहे.

तरी काही देणी राहिलीच. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिनं २०१० ते २०१२ या काळात आकाशाचं जे मोठं सर्वेक्षण केलं, त्याची माहिती ह्युब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्यानं प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची नोंद आहे. ती प्रक्रिया करणारी इंटेमांची प्रणाली जुन्या पायथॉनवर उभी आहे. विज्ञानात एखादा निष्कर्ष तपासायचा म्हणजे तोच हिशेब पुन्हा करून पाहावा लागतो. भाषा बंद झाली म्हणून हिशेब पुन्हा करणं अवघड व्हावं, हा ज्ञानावरचा बोजा आहे आणि तो कुणीतरी उचलावा लागतो. असे कार्यक्रम आज जुन्या भाषेसकट एका बंद पेटीसारख्या वातावरणात जपून चालवले जातात. पायपाय नावाच्या दुसऱ्या अंमलबजावणीनं जुन्या आवृत्तीची साथ सोडलेली नाही, हेही इथे नोंदवायला हवं. जिथे नेणं जमत नाही तिथे जपणं हीसुद्धा फेड आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी आणि आगरी समाजाची ही देवी. चैत्रात मुंबई-रायगडकडून पालख्या येतात, डोंगर गर्दीनं भरून जातो. चैत्यगृहाच्या दाराशी एका बाजूला सिंहस्तंभ उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला, जिथे त्याचा जोडीदार असावा असं मानलं जातं, तिथे देऊळ. इथे एकानं दुसऱ्याची जागा घेतली की दोघं शेजारी झाले, यावर वाद घालणारे घालतात. डोंगर चढणाऱ्या भाविकाच्या आणि लेणी पाहणाऱ्याच्या पायाखाली मात्र पायऱ्या त्याच असतात. सगळ्या स्थित्यंतरांचा शेवट एकानं दुसऱ्याला गिळण्यात होत नाही, आणि तसा तो व्हावा असा हट्टही नसावा.

आता हे सगळं ज्यांच्या दारात येऊन उभं आहे, त्यांच्यासाठी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, प्रयोगशाळांत, छापखान्यांत, पतपेढ्यांत जुन्या भाषांत लिहिलेले कार्यक्रम आणि युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर अजून प्रचंड प्रमाणात पडून आहे. तो मजकूर फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की इंग्रजी चिन्हांचा चिखल दिसतो. ग्रामपंचायतींचे अहवाल, संतसाहित्याच्या आवृत्त्या, दिवाळी अंकांची जुळणी, प्रबंध, सगळं त्यात आहे. ते नव्यात न्यायचं तर आधी जुनं काय काम करत होतं हे लिहून काढावं लागतं: हा भागाकार पूर्णांकच हवा होता का, हे जोडाक्षर फाँटात कुठे ठेवलं होतं, ही ओळ कुणाच्या सांगण्यावरून घातली. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, निवृत्त होत आहेत. देणं काय आहे तेच माहीत नसेल तर ते फेडता येत नाही. म्हणून आपल्या संस्थेत असं काही असेल, तर ते लिहिणाऱ्या माणसाला याच महिन्यात गाठा, त्याच्यासोबत यंत्रासमोर बसा, आणि तो सांगेल ते नव्या कोडला हात लावण्याआधी लिहून घ्या.